फासा पारध्याचा, पैसा कोणाचा?

जंगलखात्याने एखादी शिकार उघडकीस आणली म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून एक ठराविक छायाचित्र छापून येते. मधोमध जमिनीवर पसरलेले वाघाचे अगर बिबट्याचे कातडे, त्याच्यामागे ओळीने उभे राहिलेले अधिकारी, आणि त्यांच्या पायाशी तोंड फडक्याने झाकून उकिडवे बसलेले दोन-तीन इसम. त्या इसमांच्या पायांत बहुधा धड वहाणही नसते. हे चित्र पाहून आम्हांस समाधान वाटते, कायदा जागा आहे अशी खात्री होते आणि आम्ही पान उलटतो. परंतु या चित्रात एक मनुष्य नेहमी गैरहजर असतो. ते कातडे ज्याच्या दिवाणखान्यात जावयाचे होते, ती नखे ज्याच्या गळ्यातील साखळीत सोन्याने मढवावयाची होती, या सौद्यापोटी ज्याने आगाऊ विसार दिला होता, तो मनुष्य त्या चित्रात क्वचितच असतो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या गैरहजर मनुष्याविषयी. तो रानात राहत नसून आमच्या-तुमच्या शहरात, भर पेठेत, प्रतिष्ठितांच्या आळीत राहतो. म्हणूनच हे बोलणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आपला कायदा दुबळा आहे अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती खरी नव्हे. इंग्रजी अमदानीत १९१२ साली रानटी पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात बंदीच्या मुदतीत शिकार करणारास पहिल्या गुन्ह्याबद्दल फार तर ५० रुपये दंड होता. त्या कायद्याच्या यादीत वाघाचे नावही नव्हते; उलट वाघ मारणारास सरकारातून बक्षीस मिळत असे. स्वतंत्र भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा याहून फार निराळा आहे. त्याच्या मूळ स्वरूपात परवाने देऊन काही शिकार करू देण्याची जी सोय होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. शिकार या शब्दाची व्याख्याही त्याने व्यापक केली आहे. प्राण्यास जिवे मारणे तेवढीच शिकार असे नव्हे. विष घालणे, पकडणे, फासा लावणे, सापळा मांडणे, हाका घालून उठविणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, ही कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. पक्ष्याची अंडी फोडणारा व घरटे मोडणारा हादेखील शिकारीच.

शिक्षाही लहानसहान नाही. २०२२ साली दुरुस्त होऊन १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या तरतुदींप्रमाणे, पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची, म्हणजे वाघ, बिबट्या, काळवीट, माळढोक, खवले मांजर, घोरपड इत्यादिकांची शिकार करणारास कमीत कमी ३ व जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील शिकारीबद्दल कैद तितकीच, पण दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत आहे. आणि तोच गुन्हा दुसऱ्यांदा घडल्यास कैद ७ वर्षांहून कमी नाही व दंड ५ लाखांपासून ५० लाखांपर्यंत जातो. किरकोळ गुन्हे रक्कम घेऊन मिटविण्याची मुभा अधिकाऱ्यांस आहे; परंतु ज्या गुन्ह्यास किमान कैद ठरलेली आहे, तो अशा रीतीने मिटविता येत नाही. सारांश, कागदावर पाहिले तर कायद्यास दात आहेत व ते तीक्ष्णही आहेत.

आता वाचकांनी विशेष लक्ष द्यावयाचे ते पुढील गोष्टीकडे. हा कायदा केवळ फासा लावणाराचा नाही. वन्य प्राणी, त्याचे मांस, कातडे अगर त्यापासून बनविलेली वस्तू बेकायदेशीर रीतीने विकत घेणे किंवा नुसती स्वीकारणे यासही त्याच्या ४९ व्या कलमाने मनाई आहे. आणि तो प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल तर घेणारासही वर सांगितलेली किमान ३ वर्षांची कैद चुकत नाही. शिवाय ५७ वे कलम असे सांगते की, अशी वस्तू कोणाच्या ताब्यात आहे एवढे शाबीत झाले म्हणजे तो ताबा बेकायदेशीर आहे असे कोर्टाने गृहीत धरावे आणि तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या घरी ती सापडली त्याच्यावर राहावी. म्हणजे, 'आम्ही काही बंदूक चालविली नाही, आम्ही रोख पैसे मोजून वस्तू घेतली,' हे उत्तर व्यापारी नीतीप्रमाणे कितीही सरळ दिसले तरी कायद्यापुढे उत्तरच नव्हे. चोरीचा माल घेणारास चोराइतकाच गुन्हेगार मानावे हे तत्त्व आमच्या पेठांस नवीन नाही. तेच तत्त्व येथे लागू आहे, एवढेच.

शिकारीची नीती हा विषय निघाला म्हणजे आमचे काही शिकलेसवरलेले मित्र दोन प्रकारच्या शिकाऱ्यांत भेद करितात. एक सभ्य गृहस्थ: तो बंदूक घेऊन जातो, धोका पत्करतो, मादीवर गोळी झाडीत नाही; त्याची शिकार ती मर्दानी खेळ. दुसरा रानटी पारधी: तो पोटासाठी फासे लावतो, त्याचे ते क्रौर्य. हा भेद तपासून पाहिला तर काय दिसते? इंग्रजी अमदानीच्या आरंभी दख्खनच्या पशुपक्ष्यांची पाहणी करणाऱ्या साइक्स या अधिकाऱ्याने माळढोक हा पक्षी या प्रांतात विपुल असल्याचे नोंदून ठेविले आहे, आणि त्याचबरोबर एका गृहस्थाने हजार माळढोक मारल्याचेही नमूद केले आहे. एक मनुष्य आणि हजार पक्षी! त्याच माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य करावे लागले, आणि आज त्या माळावर एखादा पक्षी दिसला तरी ती बातमी होते. बंदुकीबरोबर माळराने मोडणे व विजेच्या तारा हीही कारणे त्यास घडली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हजारांची ती शिकार भुकेपोटी झाली नाही, हेही तितकेच खरे.

चित्त्याची हकीकत याहून थोडक्यात आटोपते. १९४७ साली हल्लीच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानच्या अधिपतींनी एका रात्री तीन चित्ते टिपले. आपल्या देशातील चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद समजतात. १९५२ साली हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्या कोल्हापुरात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार खेळण्याचा शौक एके काळी नावाजलेला होता, त्या कोल्हापुरासही त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले होते. अखेर १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून मध्यप्रदेशात कुनोच्या रानी सोडण्यात आले. एका रात्रीच्या करमणुकीची भरपाई सुरू करण्यास ७५ वर्षे लागली, आणि ती पुरी होईल की नाही हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता त्या 'रानटी' पारध्याकडे वळू. पश्चिम महाराष्ट्रातील फासेपारधी समाजाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी एक गोष्ट नोंदून ठेविली आहे, ती प्रत्येक सुशिक्षिताने मनन करण्याजोगी आहे. फाशात सापडलेली काळविटाची गाभण मादी अगर पाडस पारधी सोडून देत, असा त्यांच्या जातीचा रिवाज होता. हा नियम त्यांस कोणत्या सरकारने घालून दिला नव्हता. त्यावर देखरेख करणारा रखवालदार नव्हता. घरी चूल पेटण्याची भ्रांत असे. तरीही हातात आलेले सावज सोडून देण्याची नीती त्यांच्यात होती. कारण उद्याचे रान आजच खाऊन टाकले तर उद्या पोरांनी काय खावे, हे त्यांस कळत होते. हजार पक्षी मारणारा सभ्य ठरावा आणि गाभण हरिणी सोडून देणारा रानटी ठरावा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

आमची जुनी वाङ्मयेही याच नीतीची साक्ष देतात. दृष्टीस न पडलेल्या सावजावर केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडणाऱ्या दशरथाच्या हातून श्रावण मेला, आणि पुत्रशोकाचा शाप राजास भोगावा लागला. मीलनात रममाण झालेल्या मृगाच्या जोडीवर बाण टाकणाऱ्या पांडूस त्याच प्रकारचे मरण आले. राजा म्हणून कोणासही सूट मिळाली नाही. कौटिल्याने तर अभयवनातील पशु, पक्षी व मासे मारणारास उत्तम साहसदंड सांगितला. म्हणजे राखीव रानाचा कायदा ही साहेबांनी आम्हांस शिकविलेली गोष्ट आहे असेही नाही. आणि मुंबईच्या अगदी शेजारी, नालासोपाऱ्यास, पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ साली अशोकाच्या लेखाचा जो तुकडा सापडला, तो त्याच्या आठव्या शिलालेखाचा होय. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत व तीत मृगया चाले. आपण राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीस गेलो आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा सुरू केली, असे तो सम्राट त्यात सांगतो. ज्या बंदरात देशोदेशींचे व्यापारी उतरत, त्या शूर्पारकाच्या पेठेत हा लेख उभा केलेला होता. व्यापाऱ्यांनी तो त्या वेळी वाचला असेल. आज तो पुन्हा वाचण्याची गरज आहे.

पारध्याचे पुढे काय झाले? १८७१ साली झालेल्या आणि पुढे क्रमाने प्रांतोप्रांती पसरलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण कपाळावरचा डाग कायद्याबरोबर पुसला गेला नाही. पुढे १९७२ च्या कायद्याने त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाच गुन्हा ठरला. तो ठरविणे प्राण्यांच्या दृष्टीने अवश्य होते, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु एका हाताने धंदा काढून घेताना दुसऱ्या हाताने शेत, शाळा, उद्योग देण्याची जी जबाबदारी राज्यावर येत होती, ती फार थोड्या ठिकाणी पार पडली. गावात जमीन नाही, गावाबाहेर बेड्यावर राहावयाचे, चोरी कोठेही झाली तरी प्रथम संशय यांच्यावर; अशा मनुष्यापुढे शहरातला दलाल नोटांचे पुडके धरून उभा राहिला म्हणजे काय होणार? वाघ मारणाऱ्या संघटित टोळ्यांस आम्ही पाठीशी घालू इच्छीत नाही; त्यांस कायद्याची पुरी शिक्षा झालीच पाहिजे. तथापि जी जात गाभण मादी सोडून देत होती, तिच्यातील काही लोक आज वाघिणीवर सापळा घालतात, तर मधल्या काळात त्यांस कोणी व काय शिकविले, हा प्रश्न विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही. ही शिकवण रानाने दिलेली नाही. बाजाराने दिली आहे. अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांचे काही तरुण आज तणमोराच्या रक्षणाच्या कामी पडले आहेत. पक्ष्याचे घरटे हुडकण्याचे त्यांचे ज्ञान तेच आहे. फक्त त्या ज्ञानाचा गिऱ्हाईक बदलला आहे.

तो बाजार कोठे भरतो हे पाहावयास फार दूर जावयास नको. आमच्याच शहरांतील पूजासाहित्याच्या व काष्ठौषधींच्या काही दुकानांत 'हत्ताजोडी' या नावाची वस्तू शेंदरात घालून विकली जाई. ती दुर्मिळ वनस्पतीची मुळी असून तिजोरीत ठेविल्यास लक्ष्मी स्थिर होते, अशी तिची ख्याती. २०१७ साली तज्ज्ञांच्या परीक्षणाअंती जाहीर झाले की, ही मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय आहे! ज्यांनी ती चांदीच्या डबीत ठेवून रोज धूप दाखविला, त्या सुशिक्षित घराण्यांची यावर काय मुद्रा झाली असेल ती त्यांची त्यांस ठाऊक. तीच गोष्ट मांडुळाची. हा निरुपद्रवी सर्प गुप्तधन दाखवितो अशा थापेवर शहरी माणसे लक्षावधी रुपयांचे सौदे करितात. मांडूळ बिचारे उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते, यापलीकडे कोणतेही धन ते दाखवीत नाही. दिवाळीच्या अमावास्येस घुबड, सांधेदुखीवर घोरपडीचे तेल, गळ्यात वाघनख, आणि परदेशी पाठविण्यासाठी खवले मांजराचे खवले. यांतील एकही वस्तू रानातल्या माणसाची गरज भागवीत नाही. प्रत्येकीच्या मागे शहरातले अज्ञान, शहरातली हौस किंवा शहरातला नफा उभा आहे. जो समाज मुलांस शाळेत पदार्थविज्ञान शिकवितो आणि घरी तिजोरीत घोरपडीचे अवयव ठेवितो, त्याने पारध्यास अडाणी म्हणण्यापूर्वी आरशात पाहावे.

मग हा गिऱ्हाईक व त्याचा अडत्या कोर्टापुढे का दिसत नाही? कारण उघड आहे. पुष्कळदा मुद्देमाल हाती लागला, पंचनामा झाला, छायाचित्र निघाले म्हणजे तपास थकतो. माल कोठून आला हे विचारले जाते. तो कोणाकडे जात होता हे विचारण्यास वेळ, पैसा व धैर्य तिन्ही लागतात. तरीही एकदा विचारले म्हणजे काय निष्पन्न होते याचे एक उदाहरण पुरे आहे. २००३ च्या जानेवारीत राजस्थानात रेल्वेने बिबट्याची कातडी घेऊन जाणारा एक इसम पकडला गेला. तपासात निघाले की, ती दिल्लीच्या सदर बाजारातील संसारचंद याजकडे पोचवावयाची होती. या संसारचंदाचे नाव १९७४ सालापासून अशा गुन्ह्यांत येत होते. अखेर २० ऑक्टोबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची ५ वर्षांची शिक्षा कायम केली. पहिल्या गुन्ह्यापासून या निकालापर्यंत ३६ वर्षे! मधल्या काळात, २००५ साली, राजस्थानातल्याच सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. तेव्हा कोठे सरकारास जाग येऊन २००६ ची दुरुस्ती झाली व वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा निघाली. हे वरातीमागून घोडे होते. पण निदान घोडे निघाले.

कायद्याचा हात बड्यांपर्यंत कशाने पोचतो, याचेही उदाहरण राजस्थानचेच आहे. १९९८ च्या ऑक्टोबरात जोधपूरजवळ कांकाणी गावी काळविटांच्या शिकारीचा गुन्हा एका विख्यात चित्रपटनटावर दाखल झाला. ५ एप्रिल २०१८ रोजी खालच्या कोर्टाने त्यास ५ वर्षांची शिक्षा सांगितली. दोन दिवसांत जामीन झाला व प्रकरण अपिलात गेले. २० वर्षांचा हा विलंब लाजिरवाणा खरा. परंतु मुळात हा खटला उभा राहिला तो कोणामुळे? त्या भागातील बिष्णोई खेडुतांमुळे. ते रात्री धावत गेले, त्यांनी फिर्याद दिली आणि पैसा व प्रसिद्धी यांच्या झगमगाटापुढे वर्षानुवर्षे साक्षीवर टिकून राहिले. काळवीट मारणे हे आपल्या घरात शिरून केलेले पाप आहे, असे त्या सबंध समाजास वाटते; म्हणून तेथे साक्षीदार फुटत नाही. जेथे समाजास तसे वाटत नाही, तेथे सात वर्षांची कैदही पुस्तकातच राहते.

येथे शेतकऱ्याची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. विदर्भात रोही व रानडुकरे यांचा कळप एका रात्रीत उभे पीक भुईसपाट करितो. शहरात बसून प्राणिदयेची व्याख्याने देणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षाचे दाणे मातीत गेले त्याच्या दृष्टीने ते प्राणी म्हणजे वैरीच. कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. ११ व्या कलमान्वये मनुष्यजीवितास धोका झालेल्या प्राण्याविषयी, तसेच काही प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकाच्या नुकसानीवरूनही, लेखी हुकमाने शिकारीची परवानगी देता येते. आणि पिकाची भरपाईही सरकारी तिजोरीतून मिळते. परंतु परवानगीचा कागद हंगाम उलटल्यावर यावा आणि भरपाईसाठी चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागाव्या, असे झाले म्हणजे शेतकरी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतो. त्या तारेस डुकराऐवजी कधी वाघ चिकटतो, तर कधी शेजारचाच मनुष्य. हा गुन्हा आहे व तो प्राणघातक आहे. पण तो बंद करावयाचा तर शेतकऱ्यास आधी दाद मिळाली पाहिजे, मग दंड. दाद न देता नुसता दंड करणारे सरकार कायद्याविषयी आदर वाढवीत नाही. द्वेष मात्र वाढविते.

कोणी म्हणतील, 'शिक्षा आणखी कडक करा, जन्मठेप ठेवा, म्हणजे सर्व आपोआप थांबेल.' आम्हांस हे मान्य नाही. शिक्षेची जरब तिच्या लांबीत नसून तिच्या खात्रीत असते. शंभरांतून एखाद्यास सात वर्षे कैद झाली तर बाकीचे ती दैवाची गोष्ट समजतात. पण दहांतून नऊजणांस तीनच वर्षे खात्रीने झाली तर अकरावा फासा उचलीत नाही आणि बारावा विसार देत नाही. शिवाय पुरावा दुबळा व शिक्षा जबर असली म्हणजे न्यायाधीशाचा हातही आखडतो. त्यातून जो सुटतो तो वकील लावू शकणारा, आणि जो अडकतो तो जामीनही न देऊ शकणारा. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याची म्हण अशाच कारभारावरून पडली असेल.

मग करावे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली ही की, प्रत्येक शिकारीच्या खटल्यात माल कोणाकडे जात होता याचा तपास झाल्यावाचून दोषारोप पुरा समजू नये. पैशाचा माग हा रक्ताच्या मागाइतकाच महत्त्वाचा मानावा. दुसरी, हे खटले लवकर निकालात निघावे, आणि वनाधिकाऱ्यांस पंचनामा, नमुने व साक्षी यांचे शिक्षण असे मिळावे की, त्यांनी श्रमाने पकडलेला गुन्हेगार कागदातील चुकीमुळे सुटू नये. तिसरी, पारधी व अन्य शिकारी जमातींतील तरुणांस रानाच्या रखवालीत, वाटाड्यांत, पक्ष्यांच्या मोजणीत पगारी काम द्यावे. त्यांच्याइतके माग ओळखणारे दुसरे कोण आहे? चौथी गोष्ट सर्वसामान्य नागरिकाची. सरकार स्वस्थ बसले तर ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः फिर्याद करण्याचा हक्क या कायद्याने प्रत्येकास दिला आहे; आणि ज्याच्या खबरीवरून गुन्हा शाबीत होईल त्यास दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देण्याचा अधिकार कोर्टास आहे. हा हक्क वापरणारे वकील व नागरिक प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पाच निघाले तरी पुष्कळ होईल.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळची कातडी व शिंगे भिंतीवर आहेत, त्यांसही दोन शब्द. ज्यांजवळ मालकीचा दाखला आहे, पण ती वस्तू ठेवण्याची इच्छा उरलेली नाही, त्यांस ती मुख्य वन्यजीव रक्षकाकडे स्वेच्छेने जमा करण्याची वाट २०२२ च्या दुरुस्तीने मोकळी केली आहे. मोबदला मिळत नाही हे खरे. परंतु पूर्वजांच्या शौर्याची खूण म्हणून जे जपले, ते नातवंडांस लाजेचे वाटू लागले असेल तर ते स्वहस्ते उतरविण्यात पूर्वजांचा अपमान नाही. ज्या कोल्हापूर दरबारची दाजीपूरची शिकारी राने प्रसिद्ध होती, तीच राने १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाली. रानास जे जमले ते भिंतीस जमू नये काय?

आणि शेवटी आमच्या व्यापारी वाचकांस. तुमच्या पेढीचा एक जुना नियम आहे: ज्या मालाचा उगम सांगता येत नाही तो गादीवर ठेवावयाचा नाही. तो नियम एवढ्या एका बाबतीत कडक पाळा. शेजारच्या दुकानी हत्ताजोडी, नख, कातडे अगर खवले दिसले तर 'आपणास काय करावयाचे' असे म्हणून तोंड फिरवू नका; बाजारात एका दुकानाची अब्रू गेली म्हणजे ती सर्व बाजाराची जाते. पंचांनी, व्यापारी मंडळांनी एकदा ठरविले की, असा माल या पेठेत विकला जाणार नाही, तर जे काम शंभर वनरक्षक करू शकत नाहीत ते आठ दिवसांत होईल. कारण फासा रानात पडतो खरा, पण त्याची दोरी शहरात वळली जाते. दोरी वळणारे हात थांबले म्हणजे फासा आपोआप सैल होईल, आणि पुढल्या खेपेस वर्तमानपत्रात जे छायाचित्र छापून येईल त्यात अनवाणी माणसांच्या शेजारी बूट घातलेलाही एक मनुष्य बसलेला दिसेल. तसे ज्या दिवशी होईल, त्या दिवशीच कायदा जागा आहे असे आम्ही म्हणू.